व्यावसायिक रेसलिंगची तयारी गोव्यातून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली, फोंडा, पेडणे, सत्तरी या भागांतली मुले-मुली आणि त्यांचे आईवडील मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. मी कुस्तीच्या तालमीत घडलो आणि आता तरुणांची शारीरिक तयारी करून घेतो. माझे म्हणणे एवढेच : रेसलरचे शरीर गोव्यात, स्वतःच्या घरी राहून उत्तम घडवता येते, पण रिंगमधले काम रिंगमध्येच आणि जाणत्या माणसाच्या नजरेखालीच शिकायचे. या दोहोंची गल्लत केली की मान आणि गुडघे कायमचे जातात.

टीव्हीवरची रेसलिंग खोटी असते ना? मग एवढी तयारी कशाला?

निकाल आधी ठरलेला असतो, हे आता कोणी लपवत नाही. डब्ल्यूडब्ल्यूई ही आज रेसलिंगचे कार्यक्रम करणारी मोठी अमेरिकी कंपनी. १९८९ मध्ये तिच्या पूर्वीच्या कंपनीने अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यापुढे स्वतःच मान्य केले, की हे मनोरंजन आहे आणि याला क्रीडास्पर्धेचे नियम लावू नयेत. पण निकाल ठरलेला असला तरी पडणे खरे असते. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेले कॅनव्हास. त्यावर शंभर किलोचा माणूस पाठीवर आदळतो तेव्हा फळ्या दणाणतात आणि तो दणका बरगड्यांपर्यंत पोहोचतो. एका लढतीत असे दहा-पंधरा वेळा होते, आणि आठवड्यात अशा तीन-चार लढती असू शकतात.

शिवाय इथे दुहेरी जबाबदारी असते. कुस्तीत समोरच्याला हरवायचे असते. इथे समोरचा स्वतःचे डोके आणि मान तुमच्या हातात देतो, आणि ती सुखरूप खाली ठेवायची असतात. दमलेल्या, कमजोर माणसाकडून ते होत नाही. तयारी मुख्यतः त्यासाठी.

मला कुस्ती येत नाही. तरी चालेल का?

चालेल. सतनाम सिंग बास्केटबॉलमधून आला. २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या निवडीत नाव आलेला तो पहिला भारतीय, आणि पुढे एईडब्ल्यू या अमेरिकी कंपनीत रेसलर झाला. डब्ल्यूडब्ल्यूईत लढलेली कविता देवी वेटलिफ्टर होती, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवले होते. रिंकू सिंग भालाफेकीतून बेसबॉलकडे गेला आणि तिथून २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत. कंपन्यांना घडवलेले, शिस्तीचे शरीर हवे असते. ते कोणत्या खेळात घडले हा नंतरचा प्रश्न.

तरीही संधी मिळाली तर वर्षभर कुस्ती कराच. पकड, कमरेची ताकद, दुसऱ्याचे वजन अंगावर पेलण्याची सवय या गोष्टी दुसरीकडे इतक्या लवकर मिळत नाहीत. २०२३ च्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, त्यांत कुस्तीही होती आणि मल्लखांबही. तुमच्या तालुक्यात कुठे मॅट आहे याची चौकशी गोवा क्रीडा प्राधिकरणाकडे करा. काहीच जमले नाही तर चोर्ला घाट ओलांडला की बेळगाव, आणि पुढे कोल्हापूर. सुट्टीत महिना-दोन महिने तिथल्या तालमीत राहून आलेला मुलगा मला लगेच ओळखू येतो, कारण त्याची बैठक वेगळी असते. कोल्हापूरला गेलात तर शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान पाहून या. पैलवानाला काय मान होता ते तिथे उभे राहिल्यावर समजते.

मी चांगला कुस्तीगीर आहे. मला तर सोपे जाईल?

ताकदीच्या बाबतीत हो. सवयींच्या बाबतीत उलट, आणि हे कोणी आधी सांगत नाही.

पाठ लागू द्यायची नाही हे कुस्तीगिराच्या हाडीमासी असते. हवेत असतानाच त्याचे अंग आपोआप वळते. रेसलिंगमध्ये मात्र पाठीवरच पडायचे असते, सपाट, दोन्ही खांदे एकदम. मधेच वळलेला माणूस एका खांद्यावर किंवा कोपरावर येतो, आणि मग सांधा निखळतो किंवा गळ्याजवळचे हाड मोडते. दुसरी सवय पकडीची. कुस्तीत पकड आवळायची असते. इथे ती कॅमेऱ्याला घट्ट दिसली पाहिजे आणि समोरच्याला श्वास घेता आला पाहिजे. जुन्या पैलवानाला हात सैल सोडायला शिकवण्यात महिने जातात.

आपल्याकडे दोन्ही दुनियांत वावरलेला माणूस म्हणजे दारा सिंग. आखाड्यातली कुस्ती त्यांना येत होती, आणि १९६८ मध्ये मुंबईत लू थेझ या अमेरिकी रेसलरला हरवून त्यांनी व्यावसायिक जगज्जेतेपदही घेतले.

वय, उंची, वजन किती हवे?

अठराच्या आत रिंगमध्ये आपटून घेण्याची घाई नको. हाडांची वाढ पूर्ण होऊ द्या. तोवर जिम्नॅस्टिक्स, मल्लखांब, जुडो, कुस्ती, पोहणे, जे मिळेल ते करा. वरच्या वयाचे म्हणाल तर डायमंड डॅलस पेज हा नावाजलेला रेसलर पस्तिशीत रिंगमध्ये उतरला होता. पण ते उदाहरण अपवाद म्हणूनच घ्या.

उंचीचा ध्यास सोडा. रे मिस्टेरिओ या रेसलरची उंची डब्ल्यूडब्ल्यूईच साडेपाच फुटांच्या आसपास सांगते, आणि २००६ मध्ये तो वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. भारतीय मुलांकडून कंपन्या धिप्पाड शरीराची अपेक्षा धरतात, हे खरे आहे. द ग्रेट खलीपासून ती प्रतिमा बसली आहे. तुम्ही बुटके असाल तर चपळाई, हवेतली कसरत आणि बोलणे यांत दुप्पट चांगले व्हावे लागेल.

गोव्यात राहून नेमकी काय तयारी करू?

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा पाया इथेच आहे.

सुरुवात जोर आणि बैठकांनी करा. जपानमधल्या रेसलिंगच्या डोजोंत, म्हणजे तिथल्या तालमींत, नवशिक्याकडून शेकड्यांनी बैठका काढून घेतात. आपल्या आजोबांचा व्यायाम तिकडे शिस्तीचा भाग झाला आहे, आणि आपली मुले मात्र मशीनवर बसून पाय हलवतात. मी नवीन मुलाला तीन महिन्यांचे लक्ष्य देतो : न थांबता दोनशे बैठका आणि स्वच्छ तीस जोर. गुडघ्यात दुखत असेल तर बैठका थांबवा आणि अर्ध्या खोलीच्या स्क्वॉटवर या. दुखण्यावर व्यायाम रेटणे ही मर्दुमकी नव्हे.

त्यानंतर लोखंड. आठवड्यातून तीन दिवस पुरे. स्क्वॉट, डेडलिफ्ट, खांद्यापासून डोक्यावर वजन ढकलणे, पुल-अप्स आणि वजन हातात घेऊन चालणे. स्वतःच्या वजनाच्या सव्वापट स्क्वॉट आणि दीडपट डेडलिफ्ट नीट होईपर्यंत दुसऱ्याला उचलायचा विचार करू नका. एक व्यायाम मी सगळ्यांना देतो : वाळूने अर्धे भरलेले पोते छातीशी कवटाळून उचलणे, खांद्यावर घेणे, सावकाश खाली ठेवणे. बारबेल स्थिर असते. पोते वळते, घसरते, वजन एका बाजूला जाते. माणूस असाच उचलावा लागतो. सावकाश खाली ठेवण्याला उचलण्याइतकेच महत्त्व द्या.

मान हा वेगळा धडा आहे. तळहाताने कपाळावर दाब द्या आणि मानेने तो अडवा, दहा सेकंद. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. प्रत्येक दिशेला तीन-चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. दोन-तीन महिन्यांनी रबरी पट्टा वापरा. डोक्यावर तोलून करायचा ब्रिज पैलवानांना प्रिय असतो, पण तो शेवटी यावा, आणि वस्ताद जवळ असतानाच. यूट्यूब पाहून पहिल्याच आठवड्यात ब्रिज करणाऱ्यांना मी थांबवतो. पडताना डोके मागे झटकू नये म्हणून हनुवटी छातीला लावून ठेवायची असते, आणि ते काम गळ्याच्या पुढच्या स्नायूंचे. व्यायामशाळेत नेमके तेच स्नायू सगळे विसरतात.

आता दम. लढत एका गतीची नसते : वीस-तीस सेकंद जीव तोडून काम, मग पकडीत थोडी उसंत, पुन्हा झटापट. म्हणून रोज पाच किलोमीटर संथ धावण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस चढणीवर तीस सेकंद पळा, उतरताना चाला, आणि हे आठ-दहा वेळा करा. पणजीकरांना आल्तिनोची चढण आहे, फोंडेकरांना फर्मागुढीची. संथ धावणे एक दिवस ठेवा, हृदयाला तेही लागते. धाप लागलेली असताना मोठ्याने, स्पष्ट एक वाक्य बोलता येते का हेही तपासा. रिंगमध्ये पुढची चाल एकमेकांना सांगायची असते, आणि दम तुटलेला रेसलर ती सांगूही शकत नाही, ऐकूही शकत नाही. बहुतेक चुका तिथेच होतात.

समुद्रकिनारा हे आपले भाग्य, पण तो जपून वापरा. मिरामारच्या मऊ वाळूत धावल्याने पोटऱ्या आणि घोटे बळकट होतात आणि सुरुवातीला तितक्याच लवकर दुखावतात. आधी पाण्याजवळच्या दबलेल्या वाळूवर दहा मिनिटे, मग हळूहळू वर या. पावसाळ्यात समुद्रात पोहायचे नाही.

आणि झोप. पदांच्या सरावाला, जत्रेला, मित्रांबरोबर रात्री जागून सकाळी डेडलिफ्टला येणाऱ्यांना मी घरी पाठवतो.

पडायला घरी शिकता येईल का? गादीवर, वाळूवर?

नाही. वाळू मऊ दिसते, पण ओली वाळू आदळल्यावर सिमेंटसारखी लागते. गादीचा धोका उलटा : ती चुकीच्या पडण्यालाही माफ करते, आणि ती चूक अंगवळणी पडली की रिंगच्या फळ्या माफ करत नाहीत.

रेसलर ज्याला बंप म्हणतात त्याचे तत्त्व असे. हनुवटी छातीला. श्वास बाहेर सोडत पडायचे. पाठीचा वरचा रुंद भाग एकदम टेकला पाहिजे, कंबर किंवा डोक्याची मागची बाजू नव्हे. हात शरीरापासून थोडे दूर, तळवे खाली, आणि पाठीबरोबरच कॅनव्हासवर आपटायचे, म्हणजे दणका मोठ्या भागावर वाटला जातो. मागे हात टेकवून सावरायला जायचे नाही. मनगट आणि कोपर त्यामुळेच मोडतात. हे वाचून कळते, पण शरीराला कळायला शिक्षकच लागतो. चांगला शिक्षक आधी उकिडवे बसवून, मग अर्धे उभे राहून आणि शेवटी पूर्ण उभ्याने पडायला लावतो, आणि यात आठवडे जातात.

घरी राहून याच्या जवळ जायचे असेल तर जुडोच्या वर्गाला जा. तिथे पहिल्या दिवसापासून पडणेच शिकवतात. तंत्र तंतोतंत तेच नाही, पण पडण्याची भीती जाते आणि हनुवटी आत ठेवण्याची सवय लागते. पुढच्या-मागच्या कोलांट्या, खांद्यावरून लोळण हे व्यायामाच्या मॅटवर रोज करायला हरकत नाही. मित्राला उचलून आपटणे, गच्चीवरून उडी, खुर्च्या, ट्यूबलाइट यांतले काहीही करू नका. व्हिडिओ चार दिवस फिरतो, मणक्याची दुखापत जन्मभर राहते.

काय खाऊ? प्रोटीनचे डबे घ्यावेच लागतात का?

ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. पंचाहत्तर किलोच्या मुलाला म्हणजे १२० ग्रॅम. गोव्याच्या स्वयंपाकघरात हे अवघड नाही. शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीसच्या आसपास, एका अंड्यात सहा. तारले स्वस्त आणि पौष्टिक, तरी जिमला जाऊ लागले की मुले ते सोडून महागड्या चिकनच्या मागे लागतात. हुमण (माशांची आमटी) आणि भाताच्या ताटात मासळीचा तुकडा एकच आणि भाताचा डोंगर, हे प्रमाण तेवढे बदला. भात सोडू नका. व्यायामाला इंधन लागतेच. सकाळची उकड्या तांदळाची पेज व्यायामानंतर उत्तम, सोबत दोन अंडी किंवा वाटीभर उसळ हवी.

खरी अडचण सोमवारी, श्रावणात आणि चवथीच्या दिवसांत येते. घरात नुस्ते, म्हणजे मासळी, बंद होते आणि मुलाची प्रथिने निम्म्यावर येतात. त्या दिवसांसाठी आधीच ठरवून ठेवा : दूध, दही, पनीर, सोयाबीन, मूग, चवळी, कुळीथ. कुळथाचा सूप किंवा पिठले आठवड्यातून एकदा करण्याऐवजी रोज करा. कायम शाकाहारी असणाऱ्यांनाही हेच सांगेन, फक्त मोजमाप जास्त काटेकोर ठेवा आणि बी-१२ तपासून घ्या.

डबा घ्यायचाच असेल तर तो जेवणात कमी पडलेले भरून काढण्यासाठी. त्यावर एफएसएसएआयचा (केंद्राचे अन्नसुरक्षा प्राधिकरण) चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, तो पाहा. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज तीन ते पाच ग्रॅम, एवढे एकच सप्लिमेंट मला पैशाच्या मोलाचे वाटते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

इंजेक्शन घेतल्याशिवाय तसे शरीर होत नाही म्हणतात.

तुम्हाला असे सांगणारा माणूस बहुधा ती इंजेक्शने विकतही असतो. अॅनाबॉलिक स्टेरॉईडने स्नायू फुगतात. सोबत रक्तदाब वाढतो, हृदयाचे स्नायू जाड होतात, शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बंद पडते, वृषणे आकसतात, मूल होण्यात अडचण येते. वाढत्या वयात घेतले तर हाडांची वाढ वेळेआधी थांबते. डब्ल्यूडब्ल्यूईने २००६ मध्ये स्वतःचे तपासणीचे धोरण आणले, त्यामागे तरुण रेसलरांचे मृत्यू होते. मी ज्याची तयारी करून घेतो त्याने हे घेतले असे कळले तर त्या दिवसापासून माझे काम थांबते. यात मी तडजोड करत नाही.

पावसाळ्यात आणि उकाड्यात सराव कसा करू?

आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत कठीण सराव सकाळी सातच्या आत उरका. आधी आणि नंतर वजन करा. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट झाली तर पाणी कमी पडले. नुसते पाणी ढोसू नका, मीठही जाते. लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस घ्या. शहाळे चांगले, पण त्यात सोडियम कमी, म्हणून चिमूटभर मीठ वेगळे. डोके गरगरले, बोलणे बरळले, अंग तापले तर सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

पावसाळ्यातला खरा शत्रू गजकर्ण. मॅटवरून, टॉवेलवरून, ओल्या कपड्यांवरून तो सगळ्या गटात पसरतो. दुकानातून मिळणारी स्टेरॉईड मिसळलेली मलमे लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते आणि चट्टा दुप्पट होऊन परततो, पुढे औषधाला दादही देत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, सांगितलेले दिवस पूर्ण औषध घ्या, आणि बरे होईपर्यंत कोणाशी अंगाला अंग लावून सराव नको. सराव संपताच आंघोळ, रोज धुतलेले कपडे, स्वतःचा टॉवेल.

डोक्याला मार लागला तर?

त्या दिवशी सराव बंद. “बरे वाटतेय” म्हटले तरी बंद. बेशुद्धी आली नाही म्हणजे मेंदूला धक्का बसला नाही, असे नसते. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटके, हातापायात मुंग्या किंवा कमजोरी, मानेत तीव्र दुखणे यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय. बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) अशा वेळी लांब वाटू देऊ नका. मानेची शंका असेल तर माणसाला हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणे, हलका व्यायाम, एकट्याचा सराव असे टप्पे, प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस, आणि अंगावर आदळण्याचा सराव डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

२०१० मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने डोक्यावर खुर्ची मारणे बंद केले. एवढ्या मोठ्या कंपनीने सोडलेली गोष्ट गावच्या मैदानावर करून दाखवण्यात काही पराक्रम नाही.

आमच्या मुलीला यात जायचे आहे. पाठवावे का?

जरूर. २०१७ मध्ये कविता देवी डब्ल्यूडब्ल्यूईच्या महिलांच्या स्पर्धेत सलवार-कमीज घालून उतरली आणि तिची लढत जगभर पाहिली गेली. मुलीच्या तयारीत वेगळे असे दोनच मुद्दे. उडी मारून उतरताना गुडघा आत वळण्याचे प्रमाण मुलींत जास्त, म्हणून पायांच्या मागच्या आणि नितंबाच्या स्नायूंची ताकद आणि उतरण्याचे तंत्र यांवर पहिल्या दिवसापासून भर द्यावा. दुसरे, हिमोग्लोबिन तपासा. रक्त कमी असलेल्या मुलीला दम नाही म्हणून बोलणी बसतात, आणि दोष असतो लोहाचा.

सोयीबद्दल मात्र आईवडिलांनी कडक राहावे. राहायला वेगळी जागा, सरावात आणखी मुली, शक्य तर महिला प्रशिक्षक. या गोष्टींवर उडवाउडवीची उत्तरे देणाऱ्या संस्थेत पाठवू नका.

माईकवर बोलणे, अभिनय हे कुठे शिकू?

इथे गोमंतकीय मूल इतरांच्या पुढे आहे, आणि आपल्याला त्याची जाणीवच नसते. देवळाच्या उत्सवात गावोगाव मराठी नाटके होतात, मंडपाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या आजीपर्यंत संवाद पोहोचवावा लागतो. पेडण्याकडे दशावतारी कालो हे लोकनाट्य पाहा. कथा सगळ्यांना ठाऊक, देव जिंकणार हेही ठाऊक. पण संवाद लिहिलेले नसतात, नट ते रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. पखवाजाच्या तालावर युद्ध रंगते आणि संकासुर समोर येताच लहान मुले आईला बिलगतात. रेसलिंगची लढतही अशीच घडते. शेवट ठरलेला, मधले बरेचसे तिथेच सुचलेले, आणि प्रेक्षकाचा सूर ओळखून लांबवलेले किंवा आवरलेले.

म्हणून माझा आग्रह असतो, की गावच्या नाटकात भूमिका घ्या. खलनायकाची मिळाली तर फारच उत्तम. पणजीला कला अकादमीचे नाट्यशिक्षण आहे, ज्यांना जमेल त्यांनी ते घ्यावे. रोज दोन मिनिटे मोबाइलसमोर बोला : मी कोण, मला काय हवे, माझ्या आड कोण आले. मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हींत. पाठ केलेले इंग्रजी लगेच उघडे पडते, साधे आणि ठाम बोला.

शाळा कुठे आहेत, आणि चांगली कशी ओळखायची?

भारतात सर्वांत परिचित नाव म्हणजे द ग्रेट खलीने २०१५ मध्ये जालंधरला सुरू केलेली सीडब्ल्यूई ही शाळा. तिथून काही मुले डब्ल्यूडब्ल्यूईपर्यंत पोहोचली. आपल्या जवळ पुण्यात बालेवाडीला ‘रिंग का किंग’ या २०१२ च्या टीव्ही मालिकेच्या लढती झाल्या होत्या, पण तो प्रयोग पुढे चालला नाही. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, जपान, मेक्सिको इथे शाळा अनेक. प्रत्येकीचा व्हिसा आणि खर्च वेगळा.

कुठलीही शाळा असो, पैसे भरण्याआधी स्वतः जा आणि एक दिवस बाजूला बसून सराव पाहा. नवशिक्यांना किती दिवस फक्त पडायला शिकवतात? पहिल्या आठवड्यात रिंगच्या दोरीवरून उड्या मारायला लावत असतील तर परत या. रिंगच्या फळ्या आणि खिळे हलवून पाहा. कोणी जखमी झाला तर कुठल्या रुग्णालयात नेतात, असे विचारा. याचे उत्तर लगेच यायला हवे. शिक्षक स्वतः किती वर्षे रिंगमध्ये होता आणि त्याचे विद्यार्थी आज कुठे लढतात, हे विचारायला लाजू नका. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची रक्ततपासणी मागणारी शाळा चांगली समजा, कारण ओठ-भुवई फुटणे इथे नेहमीचे. हिपॅटायटिस बीची लस तुम्ही आधीच घेऊन ठेवा. “सहा महिन्यांत अमेरिकेला पाठवतो” असे म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

डब्ल्यूडब्ल्यूईची निवड चाचणी कशी असते?

कंपनी जाहीर करेल तेव्हाच आणि तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच अर्ज होतो; मधला दलाल नसतो. २०१७ मध्ये दुबईत आणि २०१९ मध्ये मुंबईत अशा चाचण्या झाल्या, भारतीय मुले-मुली त्यांत होती. दोन-तीन दिवस चालतात. स्क्वॉट, बर्पी, दोरीकडून दोरीकडे धावणे, कोलांट्या, पुन्हा स्क्वॉट, थांबायला वेळ नाही. प्रशिक्षक ताकद मोजत नाहीत. थकल्यावर तुम्ही कसे वागता, शेजारच्याला टाळी देता की खाली मान घालून बसता, हे पाहतात. मग माईक हातात देतात आणि एक-दीड मिनिट बोलायला सांगतात. ज्यांना घेतात ते फ्लोरिडातल्या ओरलँडोच्या परफॉर्मन्स सेंटरमध्ये जातात. २०१३ पासून ते चालू आहे, आणि तिथे सगळे पुन्हा शून्यापासून शिकवतात.

मुलगा कॉलेज सोडून जायचे म्हणतो. आईबाप म्हणून काय करावे?

पदवी पूर्ण करू द्या. वर सांगितलेली तयारी दीड-दोन वर्षांची आहे आणि कॉलेज करता करता ती होते, म्हणजे वेळ वाया जात नाही. सुरुवातीच्या काळात या धंद्यात पैसे तुटपुंजे, प्रवास स्वतःच्या खर्चाने, आणि मोठ्या कंपन्यांतही रेसलर बहुधा पगारी नोकर नसून कंत्राटावर असतो. आरोग्य विम्याच्या कागदात व्यावसायिक खेळातल्या दुखापती वगळल्या आहेत का, ते सही करण्याआधी वाचा. फिजिओथेरपी, व्हिडिओ संकलन, शारीरिक शिक्षण यांतले काहीही शिकून ठेवले तर रिंगच्या बाहेरही याच क्षेत्रात राहता येते. आणि त्याला हसू नका. घरातून चेष्टा झालेली मुले चोरून सराव करतात, आणि चोरून केलेल्या सरावातच मोठ्या दुखापती होतात.

पहिल्या दिवशी काय घेऊन जाऊ?

गुडघ्याचे जाड पॅड, कोपराचे पॅड, दातांचे संरक्षक, स्वच्छ तळव्यांचे कुस्तीचे बूट, पूर्ण बाह्यांचा एक टी-शर्ट. दोरीवर पाठ टाकून धावायला शिकताना काखेखाली आणि बरगड्यांवर काळेनिळे पडते. लांब बाह्यांनी सोलवटणे तरी वाचते. नखे कापून, अंगठी, गळ्यातली साखळी, हातातला गंडा घरी ठेवून जा. पाणी भरपूर, जेवण दोन-अडीच तास आधी. आत गेल्यावर प्रत्येकाशी हात मिळवायचा, झाडू मारणाऱ्यापासून मुख्य प्रशिक्षकापर्यंत, हा या क्षेत्रातला जुना रिवाज आहे आणि तो मोडलेला कोणाला आवडत नाही. रिंग उभारायला किंवा उतरवायला सांगितले तर तक्रार न करता करा, त्यातून फळी कुठली सैल आहे हेही कळते. पिशवीत रक्तगट, अॅलर्जी आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेला कागद ठेवा, आणि तो कुठल्या कप्प्यात आहे हे सोबतच्या एकाला सांगून ठेवा.